उपाशीपोटी फिलाडेल्फिया

आर. के. पुरम, नवी दिल्ली
रविवार, दुपार (वीज गेलेली)

ती. अलकनंदा आत्यास,

उत्तराचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, की अजून तू खालूनच वरच्या मजल्यावर हुकूम सोडतेस? काकांचा खोकला, दारातली जास्वंद आणि शेजारच्यांशी पाण्यावरून चाललेलं भांडण, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. आम्ही इकडे ठीक आहोत. बाबांची शुगर औषधाने उतरते आणि ऑफिसातल्या कोणाच्या ना कोणाच्या प्रमोशनच्या मिठाईने चढते. आईची तब्येत उत्तम आहे, फक्त ती माझ्याशी बोलत नाही. धाकट्या मानसने बारावीनंतर काय करायचं याचा विचार चालू ठेवला आहे. यंदा विचाराचं तिसरं वर्ष.

फोन सोडून पत्र का, असं तू विचारशील. फोनवर तू बोलतेस, आत्या, आणि मी ऐकते. आपल्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहावं तर तिथे बाबा आहेत. आणि मला जे सांगायचं आहे ते बाबांबद्दल आहे, म्हणून हे कराडपर्यंत कागदावरच येऊ दे.

तुला एवढं कळलंच आहे की ऑगस्टमध्ये मी फिलाडेल्फियाला तीन आठवड्यांच्या वर्कशॉपला जाऊन आले. (महापालिकेच्या शाळांतल्या मुलांना दिल्लीतल्या जुन्या इमारती दाखवत इतिहास शिकवायचा, ही माझी नोकरी; तेच काम करणारी देशोदेशीची माणसं तिथे जमली होती.) आता तिथल्याच लोकांनी मला नोव्हेंबरपासून वर्षभरासाठी बोलावलं आहे. राहणं, जेवण, तिकीट, सगळं त्यांचं. उत्तर तीस तारखेच्या आत द्यायचं आहे. बाबा नाही म्हणतात. त्यांचं म्हणणं असं : ‘अण्णासाहेब बरोबर असून तिथे एवढे घोळ झाले, एकटी गेलीस तर काय होईल?’ माझं म्हणणं असं की ते बरोबर होते म्हणूनच घोळ झाले. आपल्या घरात पहिली पदवी माझी. बाबांनीच ती फ्रेम करून फ्रीजच्या वर लावली. ज्या मुलीची पदवी भिंतीवर चालते, ती मुलगी एकटी विमानात का चालत नाही, हे मला कोणी समजावून सांगावं. बाबा जगात एका माणसाचं ऐकतात आणि तो माणूस तू आहेस. तेव्हा तिथे खरं काय घडलं ते वाच आणि मग त्यांना फोन कर.

अण्णासाहेब तुला आठवतात ना? हिंदूराव हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला राहतात, मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून रिटायर झाले. बाबा दिल्लीला ड्रायव्हर म्हणून लागले तेव्हा क्वार्टरचा अर्ज त्यांनी स्वतःच्या अक्षरात भरून दिला होता, आणि त्यावर बाबा अजून व्याज भरल्यासारखे कृतज्ञ असतात. पण अण्णासाहेबांची खरी ओळख पानिपतची. एकतीस वर्षं, दर चौदा जानेवारीला, दिल्लीतल्या मराठी लोकांची बस भरून ते काला अंबच्या स्मारकावर नेतात. महाराष्ट्रातून कोणाचे पाहुणे आले तर एरवीसुद्धा. तू ज्या वर्षी आली होतीस त्या वर्षी गुडघ्याचं निमित्त करून बसमध्येच बसलीस म्हणून वाचलीस. त्यांचा एक नियम आहे : लढाईची गोष्ट संपेपर्यंत कोणीही काही खायचं नाही. मराठ्यांचं सैन्य उपाशी होतं, तर ऐकणाऱ्यानेही उपाशी उभं राहून ऐकायचं. सगळ्यांचे डबे ते बसमध्ये कुलूपबंद करून किल्ली खिशात टाकतात. गोष्ट दोन तास चालते. मग लोक डोळे पुसतात, चिमूटभर माती कपाळाला लावतात, डबे उघडतात आणि बाजारात जाऊन ब्लँकेटं घेतात. मी सहा वर्षांची असल्यापासून दरवर्षी हे केलं आहे आणि दरवर्षी मागच्या रांगेत उभी राहून मनातल्या मनात त्यांच्यावर चिडले आहे. मी इतिहासाची विद्यार्थिनी, यार! इतिहास पुराव्यावर शिकवायचा असतो, भुकेवर नाही.

तर मला वर्कशॉपचं बोलावणं आलं तेव्हा बाबांनी एकच अट घातली, ‘कोणीतरी घरचं बरोबर पाहिजे.’ अण्णासाहेबांचा मुलगा केतन आणि सून स्वरूपा तिथेच राहतात. अण्णासाहेब म्हणाले, ‘सूर्यकांत, मला नाहीतरी नातवाला बघायचंच आहे. मुलगी माझ्या जबाबदारीवर.’ झालं. मी सव्वीस वर्षांची आहे आणि मला जबाबदारी म्हणून एका हातातून दुसऱ्या हातात देण्यात आलं.

पहिला घोळ विमानतळावरच झाला. तिथला ऑफिसर विचारत होता, खाण्याचे पदार्थ, बिया, झाडं, माती असं काही आणलं आहे का? मी दोघांच्या वतीने ‘नो’ म्हणून मोकळी झाले. मागून आवाज आला, ‘येस.’ अण्णासाहेब सरकारी नोकरीत छत्तीस वर्षं होते. सरकारी माणसाने सरकारी प्रश्न विचारला तर ते खोटं बोलू शकत नाहीत. त्यांनी बॅगेतून श्रीखंडाचा डबा काढला. आत पानिपतची माती. फिलाडेल्फियातल्या हुतात्म्यांच्या स्मारकावर वाहायची म्हणून आणली होती आणि मला पत्ता नव्हता. ऑफिसर शांतपणे म्हणाला, ही आत नेता येणार नाही. अण्णासाहेब त्याहून शांतपणे म्हणाले, ‘रिसीट प्लीज.’ आत्या, जप्त केलेल्या मातीची पावती! ऑफिसरकडे तसा फॉर्मच नव्हता. वरचा ऑफिसर आला. त्याच्या वरच्या बाई आल्या. मी पन्नास मिनिटं पानिपतच्या तिसऱ्या लढाईचं महत्त्व इंग्रजीत समजावत होते आणि बाहेर केतन पार्किंगमध्ये फेऱ्या मारत होता. शेवटी त्या बाईंनी एका साध्या कागदावर ‘माती, एक डबा’ असं लिहून सही केली. अण्णासाहेबांनी तारीख नाही म्हणून तो परत केला. तारीख घातल्यावर घेतला. दिल्लीला आल्यावर त्याचं लॅमिनेशन झालं आहे.

शहर फार सुंदर आहे, आत्या. म्हणजे असावं. मी ते एका वृद्ध गृहस्थांच्या खांद्यावरून जेवढं दिसतं तेवढं पाहिलं. केतन आणि स्वरूपा दिवसभर ऑफिसात, नातू डेकेअरमध्ये (याला मराठीत काय म्हणतात ते आईला विचारता आलं असतं, पण ती बोलत नाही), त्यामुळे रोज सकाळी अण्णासाहेब बंडी घालून, टोपी चढवून दारात तयार. वर्कशॉपला जाताना मला पोचवायचे आणि तिथल्याच बागेत बाकावर बसून राहायचे. सुट्टीच्या दिवशी मग पूर्ण दिवस. एक जुनी गल्ली आहे, लाल विटांची छोटी छोटी घरं, त्या देशातली सगळ्यात जुन्या वस्तीची गल्ली म्हणून लोक लांबून बघायला येतात. तीनशे वर्षं, असं मी कौतुकाने सांगितलं. अण्णासाहेब म्हणाले, ‘आमच्या हॉस्पिटलच्या आवारातली पायऱ्यांची बावडी, म्हणजे विहीर, याच्या दुप्पट वयाची आहे, आणि तिथे लोक स्कूटर लावतात.’ हे त्यांनी तिथे राहणाऱ्या एका बाईंनाही सांगितलं. बाई कुंडीला पाणी घालत होत्या. त्या थांबून म्हणाल्या, ‘ओ, आय ॲम सॉरी.’

शहरात जगातला प्रत्येक माणूस आहे. इटालियन लोकांचा बाजार, चिनी लोकांची कमान, आफ्रिकेतल्या बायकांची वेण्या घालायची दुकानं, टोपडं बांधून लोणची विकणाऱ्या जुन्या पंथाच्या बायका. मला वाटलं होतं, मी या सगळ्यांशी बोलेन, त्यांच्या गोष्टी वहीत लिहीन. बोलले अण्णासाहेब. सगळ्यांशी, हिंदीत. आणि सगळ्यांनी उत्तरं दिली, हे त्याहून संतापजनक. एका टॅक्सीवाल्याला त्यांनी ‘कहाँ के हो, भाई?’ विचारलं आणि तो समालख्याचा निघाला, पानिपतच्या अलीकडच्या स्टेशनचा! मग दोघांनी मिळून दिल्ली-पानिपत हायवेवरचा ट्रॅफिक इतका वेळ चघळला की माझं म्युझियम मागे राहिलं. ते पुन्हा पाहायचं राहूनच गेलं.

तिथे एक प्रसिद्ध घंटा आहे, स्वातंत्र्याची. तिला मोठी भेग पडली आहे. सुरक्षा तपासणीत बूट काढायला कोणीही सांगितलं नव्हतं, पण अण्णासाहेबांनी काढले आणि पुन्हा घातले नाहीत, कारण स्मारकात बूट घालून जात नाहीत. मी एका हातात त्यांचे बूट आणि दुसऱ्या हातात लॅपटॉप घेऊन रांगेत. घंटेपुढे ते बराच वेळ हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, ‘ही माणसं आपल्यातली वाटतात. फुटलेलं टाकत नाहीत.’ (मागच्या रांगेने एव्हाना माझ्याकडे बघायला सुरुवात केली होती.) समोरच्या ज्या इमारतीत त्यांनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा केला, तिथे प्रत्येक गटाला गाइडबरोबर ठराविक मिनिटं मिळतात. आमच्या गाइडबाई फार छान बोलत होत्या. त्यांनी सतराशे शहात्तर म्हटलं मात्र, अण्णासाहेबांचा हात वर. ‘एक्सक्यूज मी मॅडम, व्हॉट अबाउट सेव्हन्टीन सिक्स्टी वन?’ बाईंना वाटलं, आपल्याकडून काही राहिलं. त्यांनी नम्रपणे विचारलं, तेव्हा या शहरात काय झालं होतं? ‘नॉट हिअर. पानिपत. फिफ्टीन इयर्स बिफोर यू.’ गटाला मिळालेल्या मिनिटांपैकी अकरा पानिपतला गेली. मी मोजली.

आणि मग ब्लँकेटं. स्मारक पाहिलं की ब्लँकेट घ्यायचं, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं आहे की इमारतीबाहेर पडताच पहिला प्रश्न तोच. एका मोठ्या दुकानात त्यांनी चार निवडली. मऊ, निळी, सुंदर. घरी येऊन स्वरूपाने लेबल वाचलं : मेड इन इंडिया, खाली गावाचं नाव पानिपत. माझी अपेक्षा, निदान आता तरी खजील होतील. छे! त्यांनी दुसऱ्या दिवशी जाऊन आणखी दोन आणली.

आता मुख्य दिवस. वर्कशॉपच्या शेवटी प्रत्येकाने आपलं काम मांडायचं होतं. माझी वेळ दुपारी बारा ते एक, त्यानंतर जेवण. मी बेचाळीस स्लाइड केल्या होत्या, आत्या. चार महिने घेतले होते. मुलांना इतिहास प्रश्न विचारत कसा शिकवावा, पुरावा कसा तपासावा, सगळं. केतन म्हणाला होता, लवकर निघा. आम्ही लवकर निघालो. वाटेत एक बाग लागते, तिथे त्यांच्या स्वातंत्र्ययुद्धात मेलेल्या अनामिक सैनिकांची समाधी आहे, ज्योत तेवत असते. अण्णासाहेब म्हणाले, दोन मिनिटं. मी नोट्स वाचत उभी राहिले. वर पाहिलं तर ते स्वरूपाच्या स्वयंपाकघरातल्या चमच्याने फुलांच्या वाफ्यातली माती चिवड्याच्या डब्यात भरत होते. आणलेली वाहता आली नाही, तर निदान इथली पानिपतला न्यावी, हा विचार. गार्ड आला. मी समजावलं. गार्ड म्हणाला, परत ठेवा. अण्णासाहेबांनी ती एकेक चमचा परत ठेवली, वरून थापली, आणि गार्डला विचारलं, ‘यू आर्मी?’ तो होता. दहा वर्षं. मग त्याला सॅल्यूट, त्याचा यांना सॅल्यूट, त्याचे मेलेले दोन मित्र, यांचे पानिपतचे एक लाख. गार्डने डोळे पुसले. बारा वाजायला चार मिनिटं होती.

धापा टाकत पोचलो. त्यांना बागेत सोडायची हिंमत होईना म्हणून मागच्या खुर्चीवर बसवलं. मी सुरू केलं. अकराव्या स्लाइडला घानाहून आलेल्या गृहस्थांनी विचारलं, मुलं कंटाळली तर तुम्ही काय करता? मी म्हटलं, तो मुद्दा एकतिसाव्या स्लाइडवर आहे. तेवढ्यात मागून हात वर. वर्कशॉपच्या प्रमुख बाईंनी मला विचारलं, ‘हे तुमच्याबरोबर आहेत का?’ मी खरं बोलले. तीच माझी चूक.

अण्णासाहेब पुढे आले आणि जेवणाच्या डब्यांच्या टेबलासमोर हात पसरून उभे राहिले. ‘फर्स्ट, नो लंच.’ त्यांनी घानाच्या गृहस्थांना भाऊसाहेब केलं, मेक्सिकोच्या दोघींना तोफखान्यावर नेमलं, आणि प्रमुख बाईंना सांगितलं, तुम्ही अब्दाली, दाराशी उभ्या राहा, रसद आत येऊ देऊ नका. चौथ्या वाक्याला त्यांचं इंग्रजी संपलं. पुढचं सगळं मी भाषांतर केलं, दात-ओठ खात. एक वाजला. दीड वाजला. कोणीतरी हळूच सफरचंदाकडे हात नेला तर हे म्हणाले, ‘आर्मी इज ईटिंग लीव्ह्ज,’ आणि तो हात मागे गेला. दोन वाजून दहा मिनिटांनी ते म्हणाले, ‘नाऊ ईट.’ कोणी उठलं नाही. (थंड सँडविचसाठी कोण उठेल?) प्रमुख बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. भुकेने असावं, असं मी धरून चालले. माझ्या एकतीस स्लाइड लॅपटॉपातच राहिल्या.

परतीच्या वेळी सहा ब्लँकेटं त्यांच्या बॅगेत मावेनात, म्हणून ती माझ्या बॅगेत गेली आणि माझी पुस्तकं केतनकडे राहिली. विमानतळावर मग माझा तोल गेला. मी म्हटलं, ‘अण्णासाहेब, तुम्ही बरोबर आला नसतात तर मला हे शहर दिसलं असतं.’ ते म्हणाले, ‘बरोबर आहे.’ एवढंच. (विमानात पंधरा तास होते. मला झोप लागायला हवी होती.) उतरल्यापासून ते एकाही रविवारी आमच्याकडे आलेले नाहीत, आणि आई माझ्याशी बोलत नाही ती त्यामुळे. पण खरं ते खरंच ना?

तर आत्या, प्रश्न शहराचा नाही, तत्त्वाचा आहे. शिकलेल्या मुलीला राखणदार लागतो, हे जोवर आपण मानतो तोवर शिकवून उपयोग काय? तू बाबांना एवढंच सांग : जाऊ दे तिला, आणि एकटी जाऊ दे. तू सांगितलंस की ते मान खाली घालून ‘बिल्कुल, ताई’ म्हणतील. तीस तारीख जवळ आली आहे.

काकांना नमस्कार, आणि शेजाऱ्यांनी पाणी सोडलं असेल तर त्यांनाही.

तुझी,
उत्तरा

ता. क. : वर एक गोष्ट लिहायची राहिली. म्हणजे मी गाळली. वर्षभराचं बोलावणं माझ्या बेचाळीस स्लाइडसाठी आलेलं नाही. तिथल्या सरकारी शाळांतल्या मुलांना ‘तो उपाशी धडा’ शिकवायचा आहे, त्यांच्याच शहराच्या इतिहासातल्या गोष्टी घेऊन. प्रमुख बाईंनी लिहिलं आहे की तुम्ही दोघांनी तो फार जुळवून सादर केलात. मी नुसतं ‘थँक यू’ लिहिलं.

दुसरा ता. क. (सोमवार, संध्याकाळ) : पाकीट बंद करायच्या आत घोळ झाला. काल संध्याकाळी अण्णासाहेब आले. चहासुद्धा घेतला नाही. बाबांना म्हणाले, ‘सूर्यकांत, पोरीला एकटी जाऊ दे. तिला कोणाची गरज नाही. मी नुसता मधे मधे होतो.’ आणि बाबा हो म्हणाले! तेव्हा त्यांना फोन करायची आता गरज नाही. मी जिंकले. आईसुद्धा बोलली : ‘झालं समाधान?’

तिसरा ता. क. (मंगळवार) : आज संध्याकाळी तो धडा कॉलनीतल्या आठ मुलांवर करून पाहिला. उपाशी सैन्य छावणीतून बाहेर पडतं तिथपर्यंत मला येतं. पुढे अण्णासाहेब काय म्हणतात, कुठे थांबतात, कोणाकडे बघतात, काही आठवेना. भाषांतर करताना ऐकायचं राहून जातं. वीस वर्षं मागच्या रांगेत उभी होते, तेव्हाही ऐकलं नाही. दहाव्या मिनिटाला सहा मुलं घरी जाऊन पराठे खाऊन आली, दोन परत आलीच नाहीत.

म्हणून आत्या, फोन कर, पण बाबांना नाही, अण्णासाहेबांना. निदान पहिले दोन महिने त्यांनी माझ्याबरोबर यावं. चौदा जानेवारीच्या आत परत पाठवायचं मी बघते. माफी तू मागू नकोस, ती मी उद्या मेट्रोने जाऊन मागते आहे. पण येण्याचं माझ्या तोंडून निघालं तर ते ‘तुला गरज नाही’ म्हणूनच थांबतील. तुला मात्र ‘नाही’ कोणालाच म्हणता येत नाही. आणि हे बाबांच्या कानावर जाऊ देऊ नकोस. माझी मुलगी अमेरिकेला एकटी जाते आहे, कोणाची गरज नाही तिला, असं ते कालपासून ब्लॉकमधल्या प्रत्येक दारात थांबून सांगताहेत, आणि आज दूधवाल्यालाही सांगून झालं आहे.